चहा उकळेपर्यंत

थांबा, थांबा! लगेच गिअर टाकू नका. मी ट्रॅक्टर बोलतोय, आणि आमच्या जातीला बोलायला जरा वेळ लागतो. आधी दोन-चार उचक्या, मग काळा धूर, मग अंगभर थरथर, आणि त्यानंतर कुठे आवाज एका सुरात लागतो. तोवर दम धरा. माझं सगळं आयुष्य या एवढ्याशा दम धरण्यावर चाललं, आणि नासलं तेही त्याच्यापायीच.

सध्या मी धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला, एका गॅरेजच्या मागच्या आवारात उभा आहे. पुढची चाकं काढलीत, रेडिएटर कधीच गेला, बॉनेटवर कावळे बसतात. तुम्ही म्हणाल, याच्याकडे आता सांगण्यासारखं काय उरलंय? उरलंय बाबांनो. माझी चाकं काढली म्हणून मी काही विसरलेलो नाही.

गंमत बघा, मी पहिल्यांदा सुरू झालो तोही धुळ्यातच. साल चौऱ्याहत्तर. दुकानाच्या दारात नवा कोरा, लालभडक उभा होतो. रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी मला न्यायला आला. त्याचं नाव पितांबर. सोबत त्याची बायको बेबाबाई. बेबाबाई मूळची धुळ्याकडचीच, आणि तिचा धाकटा भाऊ भटू त्या दुकानात मेकॅनिक. म्हणजे मी विकला गेलो असं म्हणण्यापेक्षा सासरी दिला गेलो असंच म्हणा.

भटूनं मला सुरू केलं आणि पितांबरला म्हणाला, "भाऊजी, एक गोट ध्यानमा ठेवा. हाऊ डिझेलना गडी शे. झोपमातून उठाडा की लगेच पयाडानं नही. तेल खाले बशेल ऱ्हास, ते वर चढाले येळ लागस. तवलोंग त्याले हळूहळू चालू द्या."

"किती येळ?" पितांबरनं विचारलं.

भटू डोकं खाजवायला लागला. हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, असं काहीतरी सांगत होता. बेबाबाई मधेच म्हणाली, "मंग सरळ सांग ना रे. एक चहा उकयस तवलोंग."

भटू हसला. "हां अक्का, बराबर. एक चहा! पन दोन चहा नही बरं का. नुसतंच धुमसत ठेवं तरीबी आतमा काजयी धरस."

झालं! त्या दिवसापासून माझं घड्याळ म्हणजे बेबाबाईचा चहा.

अमळनेर, चोपडा, यावल करत आम्ही घरी निघालो. पितांबर सीटवर ताठ, आणि बेबाबाई मडगार्डवर, डोक्यावरचा पदर दातात धरून. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की ती मुद्दाम दुसरीकडे बघायची, म्हणजे समोरच्यानं आपल्याला नीट बघून घ्यावं. माणसांची ही तऱ्हा मला पहिल्याच दिवशी कळली. गावात शिरलो तेव्हा शेजारचे कौतिकनाना वाटेत उभे होते. म्हाताऱ्याची जीभ मोठी तिखट. म्हणाले, "काय शे सूनबाई? माहेराहून काय आनलं शे?" तिचं ते धुळ्याकडचं 'शे' आमच्या रावेरकडे कुणी बोलत नाही, म्हणून जो तो तिला त्यावरून छेडायचा. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "नाना, हत्ती आना शे. सोंड मांगून येवावशे." सोंड मागून येणार आहे! नानांना हसता हसता ठसका लागला.

माझी जागा ठरली ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. उजवं मडगार्ड खिडकीला इतकं जवळ, की त्यावर बसलेल्या माणसानं हात लांबवला तर गजांना लागावा. रोज सकाळी पितांबर येऊन आधी माझं तेल-पाणी बघायचा. मग मला सुरू करायचा आणि थ्रॉटल अगदी खाली ठेवून मडगार्डवर बसून राहायचा. आत बेबाबाई चुलीपाशी बसायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज यायचा, मग काडी ओढल्याचा, मग फुंकणीचा. माझ्या अंगात तेल वर चढत असायचं आणि तिच्या पातेल्यात पाणी. दोघांचं एकदमच व्हायचं. मी सुराला लागलो की आतून हाक यायची:

"आयकं का, चहा उकयी गया!"

आणि गजांतून काचेचा ग्लास बाहेर यायचा. पितांबर बशीबिशी मागायचा नाही. तिथंच, माझ्या मडगार्डवर, फुंकर मारत मारत प्यायचा. रिकामा ग्लास परत गजांतून आत, आणि मग गिअर. हा क्रम एकदा बसला, तो पुढे कधी चुकला नाही. भांडण झालेलं असलं तरी नाही. भांडण असलं तर हाक नुसती "उकयी गया" एवढीच यायची आणि ग्लास जरा आपटून बाहेर यायचा, पण यायचा.

अगदी सुरुवातीला पितांबर मला चालू ठेवून आत जायचा, चुलीपाशी उकिडवं बसायचा, गप्पा हाणायचा. पण एकदा त्यांची लता, तेव्हा रांगत होती ती, रांगत रांगत माझ्या मोठ्या चाकापुढे येऊन बसली. मी चालू, वर कुणी नाही. बेबाबाईनं खिडकीतून बघितलं आणि जी धावली, की भिंतीला थडकून कपाळ फुटलं तरी तिला कळलं नाही. पोरीला उचलून तिनं पितांबरला असं काही झापलं की मीसुद्धा गप्प व्हावं! "हाऊ चालू शे तवलोंग तुमी याले सोडीसन जावानं नही. चहानं मी दखसू. उकयना की हाक मारसू. हाक येस तवलोंग जागावरथीन हालानं नही!"

पितांबरनं कान धरला. तेव्हापासून मी चालू असताना तो मला सोडून कधी उठला नाही. हाक येईपर्यंत तिथंच बसायचं, हा घरचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता हो. त्यात वाईट काय होतं?

संध्याकाळचंही सांगतो. केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली रावेर स्टेशनावर वॅगनला रिकामी करून आम्ही परत यायचो, तेव्हा माझं अंग नुसतं भाजत असायचं. भटूनं तेही सांगून ठेवलं होतं, की तापलेलं मशीन पटकन बंद करायचं नाही, थोडा वेळ हळू चालू द्यायचं, मग इंजिन बंद करायची कडी ओढायची. बेबाबाई बादलीभर पाणी आणून ठेवायची. पितांबर माझ्या चाकाशी उभं राहून हातपाय धुवायचा, तोंडावर पाणी मारायचा. तोवर मीही निवत यायचो. मग तो कडी ओढायचा आणि मी एक शेवटचा हुंदका देऊन गप्प व्हायचो. ती म्हणायची, "दमना बिचारा." ते मला म्हणायची की नवऱ्याला, ते मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघांनीही ते आपापल्याला लावून घेतलं.

पोळ्याला बैलांबरोबर मलाही पुरणपोळीचा नैवेद्य असायचा. ती माझ्या बॉनेटवर कुंकू लावायची आणि म्हणायची, "तू खास नही, पन बघ तरी." खायला मला तोंड नव्हतं, पण मी बघायचो. सुखाचे दिवस होते ते.

लता मोठी झाली आणि पुढच्या शाळेसाठी मामाकडे, भटूकडे, धुळ्याला राहायला गेली. घरात दोघंच उरले, आणि खिडकीखाली मी.

मग तो हिवाळा आला. सातपुड्यावरून असं वारं सुटायचं की केळीची पानं करपून जायची. त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचा गोठा दिसत नव्हता. मळ्यात कापणीवाले येऊन थांबले होते. पितांबरनं मला सुरू केलं. गारठ्यानं मीही कुरकुरतच उठलो. धुक्यात माझा धूर मिसळला आणि अंगणात काही म्हणजे काही दिसेना. पितांबर घोंगडी पांघरून मडगार्डवर बसला.

आत पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग आला नाही.

मला वाटलं, साखर घ्यायला उठली असेल. पितांबर तळवे चोळत बसला होता. मी सुराला लागलो. माझा धूर निवळला. हाक आली नाही. पितांबरनं खिडकीकडे मान वळवून बघितलं. आत अंधार होता, आणि चूल त्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीतून दिसायची नाही. तो एकदा म्हणाला, "झाला का वं?" उत्तर नाही. त्याला वाटलं, दूध नासलं असेल, शेजारी आणायला गेली असेल. कधी कधी जायची ती.

कौतिकनाना काठी टेकत धुक्यातून आले. "काय रे पितांबर, आज दूध धुळ्याहून येऊन राह्यलं का?"

पितांबर हसला. "बसा नाना. तुमालेबी मिळीन."

आणि दोघं बसले. हाक येईपर्यंत हलायचं नाही, हा तिचाच कायदा. तो मोडायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मी चालू होतो. चालूच होतो. इतका वेळ मी त्या खिडकीखाली कधीच उभा राहिलो नव्हतो. अरे, ऊठ ना, आत जाऊन बघ ना, असं मी मनातल्या मनात किती ओरडलो! पण माझं ओरडणं म्हणजे तीच धडधड. त्याला ती रोजचीच वाटली.

शेवटी नानाच म्हणाले, "मशीन बंद कर अन् जाऊन पाय बरं."

पितांबरनं कडी ओढली. मी थांबलो. सगळीकडे एकदम शांत झालं आणि त्या शांततेत तो आत गेला.

बेबाबाई चुलीपाशी कलंडलेली होती. पातेल्यात पाणी आणि साखर, चुलीत पऱ्हाट्या नीट रचलेल्या, काडेपेटी हातात. चूल पेटलेलीच नव्हती.

माझ्याच ट्रॉलीत केळीचा पाला घालून, त्यावर गोधडी अंथरून तिला रावेरला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, हृदय जागच्या जागी बंद पडलं. हाक मारायलाही वेळ मिळाला नसणार, तुम्ही आधी आत गेला असता तरी काही झालं नसतं. ते बिचारे समजुतीनं सांगत होते. पण पितांबरला ऐकूच जात नव्हतं. तो माझ्या चाकाला धरून उभा होता आणि एकच सांगत होता, "तिनं हाक मारली असंन. मशीन चालू व्हतं. मले ऐकू नही आलं."

दिवसकार्याला भटू आला, लता आली, सगळा गाव आला. सगळ्यांना त्यानं तेच सांगितलं. "तिनं हाक मारली असंन रे. या धडधडीत मले ऐकू नही आलं."

नाही हो! तिनं हाक मारलीच नव्हती. मी सांगतो ना. माझ्या आवाजात मला सगळं ऐकू येतं, जसं तुम्हाला स्वतःच्या श्वासात ऐकू येतं. पऱ्हाट्या मोडल्या, आणि त्यानंतर आतून कण्हणंसुद्धा आलं नाही. साक्षीदार मी एकटा, आणि मला तोंड नाही. माझ्या आवाजावर आळ आला याचं दुःख मी गिळून टाकलं. पण तो माणूस ती न मारलेली हाक रोज ऐकत बसायचा, त्याचं काय करायचं? त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं की ती आली नव्हती. आणि नेमकं तेवढंच मला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर पितांबरनं मला एकदाही नुसतं धडधडू दिलं नाही.

सकाळी यायचा, बसायचा, सुरू केलं न केलं की दाणकन् गिअर, आणि थ्रॉटल एकदम पूर्ण वाढवून अंगणातून सुसाट बाहेर. तेल तळाशी गोठलेलं, वरचं सगळं कोरडं, आणि त्यात ही पळापळ. आतून लोखंडावर लोखंड घासायचं. संध्याकाळी परत आला की मी तसाच तापलेला असताना कडी ओढायचा. पाण्याची बादली ठेवायला कुणी नव्हतं, आणि त्यालाही हातपाय धुवायचं भान नसायचं. माझी जागाही बदलली. खिडकीखालून काढून गोठ्यापलीकडे उभा करायला लागला.

कौतिकनाना एकदा म्हणाले, "पितांबर, त्याले जरा गरम होऊ दे रे. मुकं हाये म्हणून मारून टाकशीन का?"

पितांबर म्हणाला, "नाना, तो आवाज मले सहन होत नही."

मग नाना पुन्हा कधी बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. माणसं अशीच असतात. दुःखाच्या आड यायला त्यांना भीती वाटते, मग ते दुःख चुकीचं का असेना.

मी निळा धूर सोडायला लागलो. डिझेलबरोबर तेलही प्यायला लागलो. भटू येऊन पिस्टन-रिंगा बदलून गेला. म्हणाला, "भाऊजी, याले येळ द्या हो, नहीतर यानं काही खरं नही." पितांबरनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. पुढे पुढे मी किल्लीनं सुरूच होईना. मग मला उतारावर उभा करायला लागले. मजूर धक्का मारायचे, मी खोकत खोकत खाली जायचो आणि कुठेतरी सुरू व्हायचो. गावातली पोरं हसायची. पितांबरही वाळत चालला होता. जेवण कधी नानांकडून यायचं, कधी स्टोव्हवर काहीतरी शिजवायचा. ती चूल मात्र त्यानं पेटवली नाही. चहासुद्धा सोडला. रावेरला गाडीवर कुणी चहा पुढे केला तरी हात जोडायचा.

आम्ही दोघं एकाच आजारानं खंगत होतो. मला आतून तेल मिळत नव्हतं, आणि त्याला काय मिळत नव्हतं ते तुम्ही ओळखा.

लताचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. सत्त्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येणार म्हणजे येणारच, माहेरात स्वागताला कुणी असो नसो. मामालाही ती सोबत घेऊन आली. भटूनं आता धुळ्याला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. माझं इंजिन पुन्हा बांधण्याच्या पलीकडे गेलं होतं, म्हणून निदान सुट्या भागांसाठी मला घेऊन जायचं असं त्यांच्यात ठरलं होतं. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर ट्रक येऊन थांबला होता.

लतानं सकाळीच ती चूल सारवली. सणाचे मांडे करायचे तर खापर चुलीवरच ठेवावं लागतं. पितांबर बघत राहिला, पण त्यानं लेकीला अडवलं नाही.

इकडे भटूनं मजुरांना धक्का मारायला लावून मला सुरू केलं आणि आणून उभा केला तो नेमका खिडकीखाली. त्याला तीच जागा माहीत. थ्रॉटल खाली केलं, बॉनेट उघडलं आणि कान देऊन ऐकायला लागला. मी धडधडत होतो. सूर कसला लागतोय आता? तरी लावायचा प्रयत्न करत होतो.

पितांबर ओट्यावरून ओरडला, "भटू! बंद कर ते! न्यायचं त लवकर ने!"

भटू एरवी भाऊजींच्या शब्दाबाहेर नाही. त्या दिवशी म्हणाला, "नही भाऊजी. आज यानं शेवटलं शे. एक चहा तरी व्हऊ द्या."

"बंद कर म्हनतो ना!" पितांबर ओट्यावरून उतरून आला, माझ्यावर चढला, मडगार्डला धरून वाकला. कडीला हात घातला. त्याचा हात इतका गार होता! मी म्हटलं, ओढ बाबा. ओढ आणि मोकळा हो.

तेवढ्यात आतून आवाज आला.

पऱ्हाटी मोडल्याचा. कडकड. पितांबरचा हात थांबला. मग काडी ओढल्याचा. मग चुलीपाशी बसलेली लता, स्वतःशीच, अगदी हळू:

"ओ माय वं!"

पितांबरनं कडी सोडली आणि उडी मारली. मी चालूच! लता रांगत होती तेव्हापासून ज्या माणसानं चालू मशीन कधी सोडलं नव्हतं, तो मला तसाच धडधडता टाकून आत धावला. उंबऱ्याला ठेचकाळला, भिंत धरली.

"काय झालं? काय झालं पोरी?"

"काही नही आबा. बोट भाजलं जरासं."

"तू ओरडली?"

"ओरडले कुठं? असंच तोंडातून निघालं. तुमाले कसं कळलं?"

पितांबर चुलीजवळ बसला. बाहेर मी धडधडत होतो, आणि आत तो माझी धडधड ऐकत होता. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकत होता. मग म्हणाला, "मले ऐकू आलं. मशीन चालू व्हतं, तरी ऐकू आलं. पऱ्हाटी मोडली तेबी आलं."

भटू दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हाताला ग्रीस, तसाच डोळे पुसायला लागला.

"भटू, ऐकू येतं रे," पितांबर म्हणाला. "तुह्या अक्कानं नुसतं माय म्हटलं असतं तरी मले ऐकू आलं असतं. तिनं हाक मारलीच नही रे."

आणि तो लहान मुलासारखा रडला. दिवसकार्यालाही रडला नव्हता, ते सगळं आत्ता बाहेर पडलं. लतानं त्याचं डोकं धरलं. मी बाहेर एकटा. मला कोण धरणार? पण माझ्या अंगात, त्या झिजलेल्या, निकामी अंगात, कुठूनसं तेल चढलं आणि सूर लागला. खरंच लागला. भटूला विचारा, तो खोटं सांगणार नाही.

बऱ्याच वेळानं पितांबर चुलीकडे बघून हळूच म्हणाला, "कशी मारंन हाक? चहा उकळलाच कुठं व्हता?"

मग तो बाहेर आला आणि मडगार्डवर बसला. पातेल्यात चहा उकळत होता. आतून लताची हाक आली. पोरीचा आवाज हुबेहूब आईचा, आणि धुळ्याला मामाकडे राहून बोलीही तीच:

"आबा, चहा उकयी गया!"

गजांतून काचेचा ग्लास बाहेर आला. पितांबरनं तो दोन्ही हातांत धरला. फुंकर मारली नाही, आसवंच पडत होती त्यात. पण प्यायला, सगळा प्यायला. मग त्यानं स्वतः मला ट्रकपर्यंत नेलं, अगदी हळू, नवरीची गाडी न्यावी तसं. कौतिकनाना वाटेत उभे होते. काठी वर करून नुसते बघत राहिले. या वेळी त्यांना थट्टा सुचली नाही.

ट्रकवर चढवल्यावर पितांबरनं लगेच कडी ओढली नाही. कुणाकडून तरी तांब्याभर पाणी मागून घेतलं, माझ्या चाकाशी उभं राहून हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग वर आला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "दमला बिचारा." आणि कडी ओढली.

त्यानंतर मी सुरू झालो नाही. भटू अधूनमधून माझा एखादा भाग काढतो, आणि काढताना "माफ कर रे बाबा" म्हणतो. परवा कुणाला तरी सांगत होता, भाऊजी आता रोज चूल पेटवतात, चहा करतात आणि एक ग्लास खिडकीत ठेवून देतात. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं वाटलं ते त्याच्यासाठी. वाईट याचं, की जे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते त्याला कळायला माझं इंजिन जावं लागलं आणि त्याची इतकी वर्षं.

तुमच्या दारातही असेल माझ्यासारखं एखादं मशीन. त्याला सकाळी वेळ द्या, संध्याकाळी निवू द्या. ते तर मी सांगणारच, तो माझ्या जातीचा धर्म आहे. पण आणखी एक सांगतो, ते माझ्यासाठी नाही. घरातून रोज येणारी हाक एखाद्या दिवशी आली नाही, तर कायदा धरून बाहेर बसू नका. त्यानं काही वाचेल, न वाचेल. पण उठा. मशीन राहू द्या चालू. आत जाऊन बघा.

झालं माझं. आता बंद करायचं तर करा, पण लगेच नको. थोडा वेळ असंच हळू चालू द्या मला. मग ओढा कडी.